तेजसचा हिशेब चुकीच्या वहीत

नागपूरच्या सक्करदरा चौकातल्या कुठल्याही पानठेल्यावर तेजसचं नाव काढून बघा. "चाळीस वर्ष झाले ना भाऊ, अजून बनूनच राहिलं ते!" हे पहिलं वाक्य. पाठोपाठ दुसरं येतं: पहिलं विमान जमलं नाही, म्हणून मार्क-१, मार्क-१ए, मार्क-२ अशी नवी नवी नावं पाडत राहतात. तिसरा म्हणतो, इंजिन अमेरिकेचं, रडार इस्रायलचं, आपला काय तो रंग. आणि चौथा, जरा छाती फुगवून, "आपल्या मिहानमधी राफेल बनून राहिलं, तुम्ही तेजसचं काय घेऊन बसले?"

पानठेल्यावरच्या बोलण्याला कुणी प्रतिवाद लिहीत नाही. पण हीच चार वाक्यं शुद्ध मराठीत, कोटटाय घालून दूरचित्रवाणीच्या चर्चांत येतात, व्याख्यानमालांत येतात, तेव्हा त्यांना उत्तर द्यावं लागतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, ४२ स्क्वाड्रन मंजूर असलेल्या हवाई दलाकडे २९ उरल्या, आणि तेव्हापासून तर या वाक्यांना उधाण आलं आहे. प्रत्येकात खऱ्याचा एकेक तुकडा आहे, म्हणून ती टिकून राहतात. मूळ समजूत मात्र साफ चुकीची आहे. ती अशी, की लढाऊ विमान एके दिवशी 'तयार' होतं, मग ते हवाई दलाच्या ताब्यात देतात आणि काम संपतं. जगातलं एकही बहुउद्देशी लढाऊ विमान असं तयार झालेलं नाही. ते हप्त्याहप्त्यानं येतं, आणि पुढचा हप्ता काय असेल हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हाती, त्याचं ते विमान. तेजसवर बोलायचं तर या हक्कावर बोला.

आधी चाळीस वर्षांचं गणित. ते १९८३ पासून मोजतात, कारण त्या वर्षी सरकारनं हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे आजच्या तेजसच्या, प्रकल्पाला मान्यता दिली आणि ५६० कोटी रुपये दिले. पुढच्या वर्षी आराखड्याचं काम पाहणारी संस्था, एडीए, बंगळुरूत उभी राहिली. त्या पैशात विमान उडणार नव्हतं आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. फ्रान्सच्या दासो कंपनीचा सल्ला घेऊन विमानाची व्याख्या ठरवण्यात ऐंशीचं दशक सरत आलं. प्रत्यक्ष विकासाच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली ती एप्रिल १९९३ मध्ये, २,१८८ कोटींची. १९९५ च्या नोव्हेंबरात पहिलं विमान कारखान्याबाहेर आलं आणि ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते उडवलं. पैसे हाती आल्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत आठ वर्षं झाली नव्हती.

आणि या आठांत १९९८ चा मे महिना आहे. पोखरणचे स्फोट झाले आणि अमेरिकेनं निर्बंध लादले. तेजस हे मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे. चपळता हवी म्हणून त्याची रचनाच अशी केलेली, की संगणकानं क्षणोक्षणी सावरलं नाही तर ते हवेत सरळ राहणार नाही. सावरण्याची ही संगणकी व्यवस्था चौपदरी असते. एक पदर बिघडला तर दुसरा हजर. तिच्यावर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना निर्बंधांनंतर परत पाठवण्यात आलं आणि आपली सामग्री तिकडेच अडकली. उरलेलं काम बंगळुरूत, राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या पुढाकारानं घरच्या घरी पुरं झालं. २००१ पासून मार्च २०२४ पर्यंत एकही तेजस कोसळलं नाही, यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. स्वीडनच्या ग्रिपेनची गोष्ट इथं सांगायला हवी. स्वीडन दुसऱ्या महायुद्धापासून स्वतःची लढाऊ विमानं बनवत आलेला देश. तरी ग्रिपेनचा पहिला नमुना १९८९ मध्ये उतरताना आपटला, आणि १९९३ मध्ये दुसरं ग्रिपेन स्टॉकहोमच्या जलमहोत्सवात भर गर्दीच्या शहरात पडलं. दोन्ही वेळा दोष उड्डाण नियंत्रणाचा, आणि दोन्ही वेळा विमानात वैमानिक तोच. दोन्हीतून तो वाचला, हे त्याचं नशीब. स्वीडिश लोकांनी प्रकल्प बंद केला नाही.

तुलना राफेलशी करतात, तर करू या. राफेलचा पहिला नमुना ४ जुलै १९८६ ला उडाला. फ्रेंच हवाई दलाची पहिली राफेल स्क्वाड्रन उभी राहिली २००६ मध्ये. वीस वर्षं. ज्या कंपनीनं उरागाँ (आपल्याकडचं 'तुफानी' ते हेच), मिस्तेर, मिराज-३, मिराज एफ-१, मिराज-२००० अशी रांग न तोडता विमानं काढली, तिला वीस वर्षं. आपल्याकडे रांग होती कुठे? कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे गोटिंगेनला प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकून आले, आणि त्यांच्या आराखड्यावरचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. दहा वर्षांनी, १७ जून १९६१ ला, जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं मारुत हे लढाऊ विमान उडालं. एवढ्यावर देशाला थांबायचं कारण नव्हतं. पण मारुतला साजेसं इंजिन मिळवून देणं कुणालाच जमलं नाही, १४७ विमानं बनली आणि नव्या लढाऊ विमानाचा आराखडा करणारी माणसं पांगली. १९८३ मध्ये जे सुरू झालं ते अशा मोकळ्या जमिनीवर. हे सोडून नुसती वर्षं मोजणाऱ्यांनी मोजणी १९६१ पासून सुरू करावी. मग साठाहून जास्त वर्षं भरतील आणि त्यांचा मुद्दा आणखी ठसठशीत दिसेल!

२००१ ते २०१६ ही पंधरा वर्षं मात्र मला झाकायची नाहीत. त्या काळात चाचण्या रेंगाळल्या, मानकं बदलली, प्राथमिक मान्यता दोन हप्त्यांत द्यावी लागली. पहिली स्क्वाड्रन, ४५ क्रमांकाची 'फ्लाइंग डॅगर्स', १ जुलै २०१६ ला बंगळुरूत उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे होती अवघी दोन विमानं. २०१५ च्या अहवालात कॅगनं मार्क-१ मध्ये मूळ अपेक्षेपेक्षा ५३ ठिकाणी सूट दिल्याचं नोंदवलं. ते खरंच आहे आणि विरोधकांनी ते खुशाल सांगावं. त्याच्या पुढचं वाक्यही सांगावं, एवढंच म्हणणं. पुढचं वाक्य म्हणजे मार्क-१ए.

इथं दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, आणि खरा वाद याच्याशीच आहे. "नावं बदलत राहतात." हो, बदलतात. राफेलची बदलली नाहीत? फ्रेंच नौदलाला २००१ च्या सुमारास मिळालेलं राफेल एफ-१ मानकाचं होतं आणि त्याला फक्त हवेतल्या विमानाशी लढता येत होतं. जमिनीवर बाँब टाकण्याची सोय त्यात नव्हती. ती आली एफ-२ मध्ये. जहाजावर मारा, टेहळणी आणि अण्वस्त्र हे एफ-३ मध्ये, २००८ च्या आसपास. ज्या मिटिऑर क्षेपणास्त्राचं आपल्याकडे एवढं कौतुक होतं, ते एफ-३आर बरोबर २०१८ मध्ये, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर बत्तीस वर्षांनी आलं. पुढे एफ-४. ती पहिली एफ-१ विमानं अर्धवट म्हणून कुणी भंगारात काढली नाहीत. ती नंतर वरच्या मानकाला नेली. अमेरिकेच्या एफ-१६ चीही तीच तऱ्हा. सत्तरच्या दशकात ते आलं तेव्हा नजरेच्या टप्प्यापलीकडे मारा करणारं क्षेपणास्त्र त्याच्याकडे नव्हतं. आज त्याचा सत्तरावा ब्लॉक विकला जातो. त्याला कुणी अमेरिकेचं नापास विमान म्हटल्याचं ऐकलं नाही.

लांब कशाला, आपल्याच राज्यात बघा. १९९७ मध्ये पुण्याला लोहगावात सुखोई-३० दाखल झालं ते 'के' होतं. पुढचे छोटे पंख नाहीत, झोत वळवणारं इंजिन नाही, मोठं रडार नाही. 'एमकेआय' आलं ते सप्टेंबर २००२ मध्ये, आणि तेही एकदम सगळ्या क्षमतांनिशी आलं नाही, टप्प्याटप्प्यानं आलं. आधीची अठरा 'के' विमानं आपण परत केली आणि त्यातली बरीच फिरत फिरत अंगोलाच्या हवाई दलात गेली. त्याआधी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ चा एफएल, मग एम, मग बिस असा क्रम चालला होता, आणि शेवटी बायसन झालं. साठ वर्षांच्या सेवेत मिगनं नावं बदलली, ओझरच्या कामगारांच्या दोन पिढ्या त्यावर जगल्या, आणि आपण त्याला कर्तबगारी म्हटलं. तेजसनं एक अक्षर जोडलं की ते अपयश?

बहुउद्देशी म्हणजे काय, हे नीट सांगितलं की हा घोळ सुटेल. एकच विमान एकाच फेरीत शत्रूच्या विमानावर क्षेपणास्त्र सोडेल, जमिनीवर अचूक बाँब टाकेल आणि टेहळणीही करेल, अशी अपेक्षा असते. यातली प्रत्येक गोष्ट विमानाला शिकवावी लागते. एक नवं क्षेपणास्त्र पंखाखाली लटकवलं की वजन बदलतं, हवेचा प्रवाह बदलतो, पंखाची थरथर बदलते. वेगवेगळ्या वेगांत आणि उंचीवर ते नुसतं वाहून नेऊन बघायचं, मग न फोडता टाकून बघायचं, मग सोडून बघायचं. रडारनं दाखवलेलं लक्ष्य क्षेपणास्त्राला कळलं पाहिजे आणि वैमानिकाच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. हे सगळं विमानाच्या संगणकात लिहावं लागतं. म्हणून नव्या आवृत्तीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. बाहेरून विमान तेच. आतली आज्ञावली वेगळी. ही आज्ञावली ज्याच्या ताब्यात, त्याला दर वेळी दुसऱ्याचं दार ठोठावावं लागत नाही.

मिराज-२००० चं उदाहरण घ्या. १९८५ पासून आपल्याकडे असलेलं, कारगिलमध्ये नाव कमावलेलं चांगलं विमान. ते सुधारायची वेळ आली तेव्हा २०११ मध्ये फ्रेंच कंपन्यांशी सुमारे दीड अब्ज युरोंचा करार करावा लागला, त्यासाठीची नवी क्षेपणास्त्रं वेगळी. विमान आपलं, कुलूप त्यांचं. राफेल घेतानाही भारताला हवे असलेले तेरा बदल पैसे मोजून करून घ्यावे लागले. आता तेजसकडे बघा. २३ ऑगस्ट २०२३ ला गोव्याच्या किनाऱ्याजवळ तेजसनं अस्त्र हे आपलं क्षेपणास्त्र सोडलं. क्षेपणास्त्र आपलं, विमान आपलं, जोडणी आपली. पॅरिसला पत्र लिहावं लागलं नाही. आणि यात ओझरचं श्रेयही मोजायला हवं. अडीच टनांचं ब्रह्मोस सुखोईच्या पोटाखाली बसवायचं म्हणून विमानाचा सांगाडा मजबूत करण्याचं काम नाशिकला झालं, जून २०१६ मध्ये ते विमान तिथंच उडालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरातल्या लक्ष्यावर क्षेपणास्त्र सुटलं. पुढे या सुखोईंची स्क्वाड्रन तंजावरला उभी राहिली. रशियाकडून घेतलेल्या विमानाची खास आपली आवृत्ती म्हणावी ती हीच, आणि ती करण्याची हिंमत देशात विमान आखणारी माणसं तयार झाल्यामुळे आली. ती माणसं तेजसच्या 'चाळीस वाया गेलेल्या वर्षां'तलीच पिढी.

मार्क-१ए कसं जन्मलं हेही विसरलं जातं. २०१५ मध्ये हवाई दल चाळीस मार्क-१ घेऊन थांबायच्या मनःस्थितीत होतं. पुढचं मार्क-२ आलं की बघू. मार्क-२ तर तेव्हा कागदावरच होतं. मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. अभियंता माणूस, 'सगळं हवं' आणि 'काहीच नको' यांच्यामधली वाट काढणारा. आधुनिक रडार, शत्रूच्या रडारला चकवणारी यंत्रणा, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं, देखभालीला सोपी मांडणी, एवढं करून द्या, हवाई दल घेईल, असा मधला मार्ग त्यांनी दोन्हीकडच्या मंडळींकडून मान्य करून घेतला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ८३ विमानांच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली. करार झाला ३ फेब्रुवारी २०२१ ला. मधली चार वर्षं कुठे गेली? किमतीच्या घासाघीशीत. या चार वर्षांत कुठल्याही अभियंत्याचं गणित चुकलं नव्हतं, कुठलाही पंख तुटला नव्हता. पण पानठेल्यावरच्या हिशेबात ही चारही वर्षं 'आपल्याला विमान बनवता येत नाही' या खात्यावर चढतात.

नौदलाच्या आवृत्तीचा उल्लेख केला नाही तर विरोधक म्हणतील, गैरसोयीचं लपवलं. नाही लपवत. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलानं स्वच्छ सांगितलं की हे विमान विमानवाहू नौकेसाठी जड आहे, आम्ही घेणार नाही. ते सेवेत येणारही नाही. तरी चाचण्या चालू राहिल्या, आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे: कमोडोर जयदीप मावळणकर. २०१२ चं पहिलं उड्डाण त्यांचं, २०१४ मध्ये गोव्यात आयएनएस हंसाच्या उतारावरून झेप त्यांची, आणि ११ जानेवारी २०२० ला आयएनएस विक्रमादित्यच्या डेकवर तारेत आकडा अडकवून उतरणंही त्यांचंच. थोड्या अंतरात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचं विमान थांबवण्याचं तंत्र जगात मोजक्या देशांकडे आहे. नौदलासाठीच्या पुढच्या दोन इंजिनांच्या विमानाचा पाया या चाचण्यांवर आहे. नापास आवृत्ती ती हीच, आणि तीही कामी आली.

इंजिनाचा आक्षेप मला सगळ्यांत गमतीचा वाटतो, कारण तो करणारे बहुतेक राफेलचे चाहते असतात. १९८६ मध्ये राफेल पहिल्यांदा उडालं ते कुठल्या इंजिनावर? जनरल इलेक्ट्रिकच्या दोन एफ-४०४ वर. म्हणजे तेजसमध्ये जे बसतं त्याच कुळातलं अमेरिकन इंजिन. फ्रान्सचं स्वतःचं इंजिन नंतर आलं. ग्रिपेनचं इंजिन त्याच एफ-४०४ वरून घडवलेलं, आणि नव्या ग्रिपेन-ई मध्ये अमेरिकेचंच एफ-४१४, जे आपल्या मार्क-२ साठी ठरलं आहे. स्वीडन त्यावरून मान खाली घालून फिरत नाही. कावेरी इंजिनात आपण हरलो. १९८९ ला मंजूर झालेलं ते इंजिन २००८ मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं. ही हार मोठी आहे, आणि तिची किंमत आजही मोजतो आहोत. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. पण इंजिन परकं म्हणून विमान परकं ठरत असेल, तर जगात स्वदेशी विमान म्हणवणारे देश एका हाताच्या बोटांवर उरतील, आणि त्यात स्वीडन नसेल.

रडाराबद्दल तर माहितीच जुनी आहे. सुरुवातीच्या मार्क-१ए मध्ये इस्रायली रडार, हे बरोबर. २५ सप्टेंबर २०२५ च्या ९७ विमानांच्या करारात 'उत्तम' हे आपलं रडार आणि 'स्वयं रक्षा कवच' ही आपली यंत्रणा नावानिशी आहे, आणि देशी वाटा ६४ टक्क्यांच्या वर. आवृत्ती बदलली म्हणूनच हे होऊ शकलं. नावं बदलण्यावर हसणाऱ्यांनीच रडार परकं म्हणून रडावं, हे जरा फारच झालं.

आता आमच्या नागपूरकरांचं आवडतं वाक्य. मिहानमध्ये राफेल बनतं का? नाही. दासो आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतल्या कारखान्याची कोनशिला २७ ऑक्टोबर २०१७ ला बसली. तिथं दासोच्या फाल्कन-२००० या विमानाचे भाग बनतात. फाल्कन हे उद्योगपतींनी वापरायचं खासगी जेट आहे. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर झालं की अख्खं फाल्कन-२००० नागपुरात जोडलं जाईल. ही मोठी बातमी आहे, मिहानला अशा बातम्यांची सवय कमीच. पण राफेलचा सांगाडा बनवण्याचा करार त्याच महिन्यात टाटांशी झाला, आणि तो हैदराबादसाठी. तेव्हा विदर्भाच्या अभिमानानं जरा नकाशा बघून बोलावं. मला विचाराल तर मिहानमध्ये सुटे भाग बनवणारा कारखाना कमी महत्त्वाचा नाही. त्यातूनच कुशल हात तयार होतात. पण त्याच्यावर राफेलचा फलक लावून तेजसला हिणवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरातल्या वरातीत नाचून आपल्या घरच्या लग्नाला नाव ठेवणं.

लढाऊ विमानांशी नागपूरचं जे खरं नातं आहे, त्याबद्दल चौकात कुणी बोलत नाही. वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. देशभरातले दुरुस्ती डेपो त्याच्या अखत्यारीत येतात. ओझरचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो त्यातलाच. मिग-२९ आणि सुखोई-३० तिथं पूर्ण खोलून पुन्हा उभी केली जातात. विमान विकत घेणं ही कथेची सुरुवात असते. पुढची तीस-चाळीस वर्षं ते उडत ठेवायचं असतं, आणि परदेशी विमानाच्या बाबतीत त्याचे अनेक सुटे भाग परदेशातून यावे लागतात. पर्रीकर संरक्षणमंत्री झाले तेव्हा सुखोईंपैकी जेमतेम निम्मी कुठल्याही दिवशी उडण्याच्या अवस्थेत असत. त्यांनी ते लपवलं नाही, सुटे भाग देशात बनवण्याचा आणि साठवण्याचा लकडा लावला. नवं कोरं विमान जमिनीवर उभं असेल तर ते युद्धात नाही. देखभालीचा हा धडा मार्क-१ए च्या मांडणीत उतरवलेला आहे. हे सांगण्याचा अधिकार नागपूरइतका क्वचितच कुठल्या शहराला असेल, आणि नेमके आम्हीच गप्प.

किमतीचं बोलायचं तर सरळ आकडे ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम, सुमारे ६३,००० कोटी. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलासाठी ९७ तेजस मार्क-१ए, ६२,३७० कोटी. तुलना काटेकोर नाही, हे मान्य: राफेल दोन इंजिनांचं, मोठं, नौकेवरून उडणारं, आणि त्या करारात शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल असं बरंच आहे. राफेल नको असं माझं म्हणणंही नाही. पण "एवढ्या पैशात बाहेरून घेतलं असतं" म्हणणाऱ्यांनी बाहेरून किती आली असती तेही मोजावं. चार स्क्वाड्रनांहून अधिक भरतील एवढी विमानं एका बाजूला, दीड स्क्वाड्रनसुद्धा नीट भरणार नाही एवढी दुसऱ्या बाजूला. आणि तेरा स्क्वाड्रन कमी असलेल्या दलाला संख्या लागते.

ज्यावर खरोखर संतापावं, ती जागा वेगळी आहे, आणि चुकीच्या आक्षेपांच्या गदारोळात तिला मोकळं रान मिळतं. आराखडा करणारी एडीए आणि कारखाना चालवणारी एचएएल यांत लोक फरक करत नाहीत. मार्क-१ए ची पहिली विमानं मार्च २०२४ पासून यायची होती. २०२५ संपलं तरी एकही हवाई दलाच्या हाती नव्हतं. २००६ आणि २०१० च्या करारांतल्या चाळीस विमानांचीही पूर्तता रखडली, दोन आसनी विमानं तर अगदी शेवटपर्यंत. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या विमान प्रदर्शनात एचएएलच्या लोकांना तोंडावर सांगितलं, की तुमच्यावर भरवसा वाटत नाही. हवाई दलप्रमुखाला असं बोलावं लागतं, तेव्हा दोष सगळा जनरल इलेक्ट्रिकवर ढकलून चालत नाही. इंजिनं उशिरा आली हे खरं. पण इंजिन आल्यावर बसवायला विमान प्रत्येक बाबतीत तयार होतं का, प्रमाणपत्रं झाली होती का, क्षेपणास्त्रांच्या चाचण्या संपल्या होत्या का, हे एचएएलनं महिन्यामहिन्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी तारखा पुढे सरकत राहिल्या.

अपघातांवरही सरळ बोलू. १२ मार्च २०२४ ला जैसलमेरजवळ पहिलं तेजस पडलं, वैमानिक सुखरूप. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या प्रदर्शनात दुसरं पडलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्याच रात्री मोबाइलवर 'उडती शवपेटी' ही मिगची जुनी शिवी तेजसला चिकटवणारे होते. चोवीस वर्षांतला दुसरा अपघात, चौकशी सुरू व्हायच्या आत निकाल. विमानाच्या बाजूनं बोलणारेही कमी नव्हते. त्यांनी पडण्याचं कारण लगेच वैमानिकावर टाकलं, जे अधिक हलकट होतं.

ओझरला तेजसची तिसरी उत्पादन-ओळ १७ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली आणि तिथं बनलेलं पहिलं मार्क-१ए त्याच दिवशी उडालं. वर्षाला आठ, असं एचएएल म्हणते. बंगळुरूच्या दोन ओळींची सोळा धरली तर चोवीस. ८३ आणि ९७ मिळून १८० विमानं या वेगानं संपायला साडेसात वर्षं लागतील, आणि तोवर मार्क-२ उडायला लागलं पाहिजे. चौकात चर्चा करायचीच तर दर वर्षी ऑक्टोबरात ओझरमधून किती निघाली ते मोजा. आठ नसतील तर एचएएलला, संरक्षण मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना विचारा, का नाहीत.